घरोघरची बिस्किटं

"काका, हे वाकडं आलं," असं म्हणून नाओमीने, मी काही बोलायच्या आत, चमच्याच्या दांड्याने बिस्किटावरचं आयसिंग खरवडून काढलं.

वाकडं काही आलं नव्हतं. साळव्यांच्या घरासाठी काढलेला चांगला ठसठशीत गुलाबी 'सा' होता. पण मी पडलो कवायतीचा मास्तर. आठ वर्षांच्या पोरीशी अक्षराच्या वळणावरून वाद घालायचा मला काय अधिकार? काढ परत, म्हटलं. ती जीभ दातांत धरून पुन्हा कामाला लागली. तिच्या शेजारी पाटावर तिचा चार वर्षांचा भाऊ योना खरवडलेलं आयसिंग बोटाने निपटून खात होता. त्या घरात त्या दिवशी मनापासून खूश असलेला तो एकटाच.

ही नगरची गोष्ट, आमच्या मिशन कंपाउंडातली. तिला आता तीसेक वर्षं होऊन गेली. आमच्याकडे नाताळाची बिस्किटं घरात भाजत नसत. मैदा, डालडा, साखर, अंडी घालून पीठ घरी मळायचं, चांदण्या आणि घंटा कापायच्या, आणि पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. भाजून आली की आयसिंग करायचं ते मुलांनी. कंपाउंडातल्या प्रत्येक घरासाठी एक चांदणी आणि तिच्यावर त्या घराच्या आडनावाचं पहिलं अक्षर. नाताळच्या आदल्या दिवशी मुलं ताटं घेऊन घरोघर पोचती करायची. नाताळ उजाडायच्या आत बिस्किट पोचलं नाही तर ते घर ईस्टरपर्यंत तुमच्याशी धड बोलायचं नाही. क्षमेचं प्रवचन दर रविवारी ऐकणारी माणसं आम्ही, पण बिस्किटाच्या बाबतीत क्षमा नाही.

दरवर्षी हे सगळं माझी बायको कुसुम मुलांना घेऊन करायची आणि मी बाहेरून उंटावरून शेळ्या हाकायचो. त्या दिवशी, तेवीस डिसेंबरला, सकाळीच ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात यायची नाही. मुलांचे कपडे भरायचेत. बिस्किटांचं तुम्ही बघा." आणि तिने आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

मुलं आमची नव्हती. कुसुमची धाकटी बहीण मालन, तिची. मालन भुसावळला वारली तेव्हा योना अजून अंगावर पीत होता. तिचा नवरा यशवंत रेल्वेत, पाळ्यांची नोकरी, घरात दुसरं माणूस नाही. त्याने दोघांना आमच्याकडे आणून सोडलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. 'माय मरो, मावशी उरो' असं कंपाउंडातल्या बायका कुसुमला कौतुकाने म्हणायच्या. त्यातल्या अर्ध्या म्हणीने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि उरलेल्या अर्धीने ती मनातून सुखावायची. योनाचं पहिलं पाऊल आमच्या ओसरीवर पडलं. नाओमीच्या वेण्या कुसुमने घातल्या. मुलं परक्याची आहेत हे आम्ही दोघं सोयीस्करपणे विसरून गेलो होतो.

यशवंत विसरला नव्हता. त्याने पावसाळ्यात दुसरं लग्न केलं आणि आता नव्या बायकोला घेऊन तो मुलांना न्यायला आला होता. बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. मला त्याचा मनसोक्त राग यायला हवा होता. पण त्याचं चुकत काय होतं? बाप होता, घर लावलं होतं, मुलं मागत होता.

सकाळी चहाच्या वेळी मी सुचवून पाहिलं की वार्षिक परीक्षा होऊ द्या, मे महिन्यात न्या. यशवंतने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, नाताळ मुलांनी आपल्या घरी करावा एवढीच इच्छा आहे. उद्या मला ड्यूटीवर हजर व्हायचंय. आज चारची गाडी मिळाली तर ठीक. ती चुकली तर रात्रीची आहे, पण मनमाडला फलाटावर थंडीत मुलांना घेऊन बसणं व्हायचं नाही. मग आम्ही दोघंच जाऊ. पुढची रजा थेट मेमध्ये."

तो बापडा स्वतःची अडचण सांगत होता. कुसुमच्या हातातली किटली मात्र कपावर तशीच थांबली. चारची गाडी चुकली तर मुलं मेपर्यंत आपली, एवढं सरळ गणित होतं ते.

नाओमी दाराला टेकून उभी होती. तिने बापाला एकच विचारलं, माझी बिस्किटं व्हायचीत, त्यांचं काय? यशवंतला बरं वाटलं असावं, पोरगी आपल्याशी बोलली म्हणून. त्याने तिला जवळ घेतलं आणि शब्द दिला, "बिस्किटं झाल्याशिवाय निघायचं नाही. सगळी झाली की मगच."

एवढं सगळं माझ्या समोर घडलं होतं, तरी पहिला तासभर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, पोरगी मनातून दुःखी आहे, हात चालत नाही. म्हणून मी माझ्या परीने मदत करत होतो. चांदण्यांच्या रांगा लावल्या, त्यांना सावधान म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. हे घे, हे ठेव, पुढचं घर. शाळेची घंटा वेळेवर देण्यात ज्याचा जन्म गेला त्याला काम रेंगाळलेलं बघवत नाही. नाओमी अक्षर काढायची, मान मागे घेऊन बघायची आणि खरवडायची. पाटोळ्यांचा 'पा' तर किती वेळा आला आणि गेला. योनाच्या पोटात एव्हाना अर्ध्या कंपाउंडाचं आयसिंग गेलं असेल.

पिठीसाखर संपत आली. मुंग्यांच्या भीतीने तो डबा आतल्या खोलीत कपाटावर असायचा, म्हणून मी दार ढकललं. कुसुम पलंगावर बसली होती. ट्रंक उघडी होती आणि आत तळाला पसरलेल्या वर्तमानपत्राशिवाय काही नव्हतं. तिच्या मांडीवर नाओमीचा निळा फ्रॉक होता. ती त्याची घडी घालत होती आणि उलगडत होती.

"किती झाली?" तिने विचारलं.

मी सांगितलं की कुठली होतायत, पोरगी काढते काय आणि खरवडते काय. कुसुमने फ्रॉक बाजूला ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही तिला घाई करू नका हो."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

परत आलो तर साळव्यांचा 'सा' पुन्हा खरवडायला घेतलेला. माझी चाहूल लागताच नाओमीचा हात थांबला. तिने वर पाहिलं. चोरी पकडली गेल्याची भीती त्या नजरेत नव्हती. काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे, एवढंच त्यात होतं. मी पाटावर बसलो, तो 'सा' नीट निरखला आणि म्हटलं, "हो गं, जरा वाकडाच आहे."

मग आम्ही दोघांनी मिळून त्या कामाची जी दैना केली ती काय सांगू. मी वाटीतल्या आयसिंगमध्ये हळूच पाण्याची धार सोडली. अक्षरं ओघळू लागली, भिंगारदिव्यांची 'भि' चांदणीवरून उतरून ताटात गेली. योनाला मी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या रंगाप्रमाणे निवडायला बसवलं, आणि तो निवडेल तेवढ्या खात होता, त्यामुळे त्या कामालाही अंत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून गचाळ काम करत होतो आणि मला त्यात आनंद होत होता. नाओमीशी यावर एक अक्षर बोललो नाही. ती मधूनमधून माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची आणि पुन्हा चांदणीवर वाकायची. दोन वाजून गेले होते. स्टेशन लांब होतं. अजून तासभर ओढला की गाडी गेली म्हणून समजायचं.

आणि दारात सरोज येऊन उभी राहिली. सरोज म्हणजे यशवंतची नवी बायको. जालन्याकडची, बालवाडीवर शिकवणारी. सकाळपासून बिचारी बाहेर खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती. कुसुमने तिला चहा दिला होता, पण दोन शब्द बोलली नव्हती. मुलं तिला अजून कशानेच हाक मारत नव्हती, आणि अमुकच म्हणा असा तिनेही आग्रह धरला नव्हता.

"दादा, मी जरा हात लावू का?" ती म्हणाली. "नुसतं बसून कसंतरी होतंय."

नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तोंडातून काढायची सोय नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी बाजूला सरकलो.

तिने पदर खोचला, वाटीत बोट बुडवून पाहिलं आणि काही न बोलता पिठीसाखर चाळून आयसिंग घट्ट केलं. लोण्याच्या कागदाचा मेंदीसारखा कोन वळला. "पुढचं घर कुणाचं?" तिने विचारलं. नाओमीने सांगितलं. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. सरोजचा हात रोज बालवाडीच्या फळ्यावर चाललेला. अक्षर सुरेख, एका दमात उतरायचं. 'चक्रनारायण' म्हणताच 'च', भोवती हिरवी वेल. 'गायकवाड' म्हणताच 'गा'. खरवडायला जागा ठेवत नव्हती. योना तर गोळ्यांची वाटी घेऊन बघता बघता तिच्या मांडीवर जाऊन बसला. "उंट काढ," म्हणाला. तिने घंटेवर उंट काढला. तो इतका हसला की आतल्या खोलीत ऐकू गेलं असणार. मला ते हसू कानात गरम तेल ओतल्यासारखं लागलं. बाई वाईट असती तर किती सोपं झालं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. ती आमचं होतं नव्हतं ते नेत होती आणि नेताना आम्हाला मदत करत होती.

कंपाउंडातली घरं संपली. "झाली का गं सगळी?" सरोजने विचारलं.

नाओमीने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "दूधवाल्या गनीचाचांचं राहिलं."

सरोजने 'ग' काढला.

मग चर्चची घंटा वाजवणारे लाजरसबाबा निघाले. मग तिच्या वर्गाच्या बाई. मग ज्यांची बदली होऊन दोन वर्षं झाली होती ते शेजारी. यशवंत दाराशी येऊन घड्याळाकडे बघून गेला. नाओमी म्हणाली, राणीचं राहिलं. राणी म्हणजे कंपाउंडातली लंगडी कुत्री. सरोजने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग ताटाच्या कडेला साचलेल्या त्या गुलाबी खरवडीच्या ढिगाकडे, मग माझ्याकडे. तिला कळलं. कधी कळलं कोण जाणे, पण त्या क्षणी नक्की कळलं.

"सरोज, आवर आता," यशवंत म्हणाला. "टांगा मिळायला वेळ लागतो."

"थांबा जरा," ती म्हणाली. "शब्द दिलाय ना तुम्ही? मग राहू दे गाडी." आणि तिने राणीसाठी 'रा' काढला, वेलीसकट, सावकाश.

गाडी चुकवायची तिचीही तयारी होती. आता ताटात एकच चांदणी उरली होती. एकीला वेळ तो कितीसा लागणार, पण नाओमीला अजून काही सुचलं असतं, मी रिकाम्या घंटा पुढे सरकवल्या असत्या, असं करत आम्ही ती वेळ मारून नेली असती. माझ्या मनाने तर मे महिन्यापर्यंतचे बेतही केले.

नाओमी त्या चांदणीकडे बघत होती. नावं संपली होती तिच्याकडची. ती शोधत होती, आणि शोधता शोधता तिच्या तोंडून निघून गेलं, "आईचं."

यशवंत दारातून मागे वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सरोजने कोन खाली ठेवला. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा पोरीला जवळ घेईल. तिने तसलं काही केलं नाही. प्रत्येक घराबद्दल विचारत आली होती तसंच विचारलं, "ते कुठं नेऊन द्यायचं?"

याचा विचार पोरीने केलाच नव्हता. तिला फक्त आणखी एक नाव हवं होतं. तिचा चेहरा गोंधळला. आम्ही तिला कधी मालनच्या कबरीवर नेलं नव्हतं. भुसावळचं नाव काढलं की कुसुमला झोप लागायची नाही, म्हणून तो विषयच घरात निघत नसे. आई कुठे आहे विचारलं की आम्ही वर बोट दाखवायचो.

"ती कुठंय?" नाओमीने विचारलं. सरोजला तिने आपण होऊन विचारलेलं हे पहिलं.

"भुसावळला. आपल्या दफनभूमीत, चिंचेखाली."

"तिचं नाव आहे तिथं?"

"आहे. दगडावर. मी मागच्या आठवड्यात जाऊन गवत काढलं, चुना लावला. फुलं नाही ठेवली. म्हटलं, ती तुम्ही दोघांनी ठेवायची."

योनाची गोळ्या चावल्याची कुरकुर तेवढी चालू होती. नाओमी चांदणी हातात घेऊन बसली. ती कंपाउंडात वाढलेली पोर; तिच्या जगात एक गोष्ट पक्की होती. नाताळ उजाडायच्या आत ज्याचं बिस्किट त्याच्या दारात पोचलंच पाहिजे. ते कुणाचं चुकवायचं नसतं.

तिने माझ्याकडे तोंड केलं. "काका, चारची गाडी अजून मिळेल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. यशवंत, सरोज, योनासुद्धा. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि कंपाउंडात माझ्या घड्याळावर कुणी शंका घेत नसे. नाही मिळणार, एवढे दोन शब्द. पुढे कितीतरी वर्षं कुसुम मध्येच, भाजी निवडताना किंवा दिवा मालवताना विचारायची, तुम्ही नाही म्हणाला असतात तर? त्या पोरीने सकाळपासून पहिल्यांदाच मला काहीतरी खरं विचारलं होतं.

"मिळेल," मी म्हटलं. "लगेच निघालात तर."

सरोजने कोन उचलून नाओमीच्या हातात दिला. "हे तू काढ."

नाओमीने एक अक्षर काढलं नाही, पूर्ण 'आई' काढलं. 'ई' चांदणीच्या टोकावर चढली, वेलांटी कडेवरून खाली गेली. सगळ्या ताटात त्याच्याइतकं वाकडं दुसरं काही नव्हतं. तिने ते खरवडलं नाही. फुंकर घालून वाळवलं, कागदात गुंडाळलं, उठून मोरीत हात धुतले, आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "बिस्किटं झाली."

आतून उत्तर आलं नाही. पोरीला वाटलं मावशीला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग आत भराभर कपडे ट्रंकेत पडल्याचे आवाज आले, कपाट उघडलं, मिटलं, खटका लागला, आणि कुसुम ट्रंक दोन्ही हातांनी उचलून बाहेर आली. डोळे सुजलेले होते. तिने ताटाकडे पाहिलं, सरोजकडे पाहिलं. सरोज उठून उभी राहिली होती, आयसिंगने भरलेले हात अंगापासून लांब धरून.

"छान झालीत," कुसुम म्हणाली. "मग असे बसलात काय सगळे? आवरा. गाडी चुकेल."

तिने योनाला पुढ्यात ओढलं आणि त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसली. रोज शाळेच्या वेळी ते काम ती बोलता बोलता उरकायची. त्या दिवशी गाठ बसेना. तिने सोडली, पुन्हा घातली, पुन्हा सोडली. टांगा दारात येऊन उभा राहिला तरी ती एकाच बुटावर होती. शेवटी नाओमी तिच्याशेजारी खाली बसली, मावशीचे हात तिने हळूच बाजूला केले आणि दोन्ही बुटांच्या नाड्या स्वतःच बांधल्या.